गाठ यकृतातली, गाठ मनातली

मी भाषेचा माणूस. कविता लिहितो. शिक्षण बी. ए.पर्यंतचं, तेही साहित्याचं. डॉक्टरकी आमच्या घराण्यात कोणी केलेली नाही. तरीही आज मी यकृतातल्या एका गाठीविषयी बोलायला बसलो आहे, याचं काही श्रोत्यांना नवल वाटेल. त्याचं कारण असं की, ही गाठ बहुतेकांच्या आयुष्यात दुखण्यातून येत नाही, शब्दातून येते. पोटाची सोनोग्राफी कुठल्या तरी वेगळ्याच कारणासाठी केलेली असते. पित्ताशयात खडे आहेत का, मूत्रपिंडात काही आहे का, हे पाहायचं असतं. आणि रिपोर्टच्या कागदावर तळाशी एक अनोळखी शब्द येऊन बसतो, ‘हिमॅन्जिओमा’. त्या क्षणापर्यंत ज्याला काहीही झालेलं नव्हतं, तो माणूस त्या शब्दानं आजारी पडतो. म्हणून आधी शब्दाकडेच पाहू.

हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचे तीन तुकडे पडतात. पहिल्याचा अर्थ रक्त, दुसऱ्याचा अर्थ वाहिनी, आणि शेवटचं ‘ओमा’ हे शेपूट म्हणजे गाठ. रक्तवाहिन्यांची गाठ, इतकाच त्याचा अर्थ. आता हे ‘ओमा’ शेपूट डॉक्टरांच्या भाषेत अनेक शब्दांना लागतं. पाठीवर किंवा दंडावर चरबीची मऊ गाठ असते, ती ‘लिपोमा’. ती वर्षानुवर्षं तशीच असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ‘कार्सिनोमा’ हा मात्र कर्करोग. शेपूट दोन्हींचं एकच. आडनावावरून माणसाचा स्वभाव कळत नाही, तसंच हे आहे. ‘ओमा’ म्हटलं की गाठ आहे एवढंच कळतं. ती कोणत्या स्वभावाची, हे त्यावरून कळत नाही.

आपल्या मराठीतही ‘गाठ’ हा शब्द किती प्रेमाचा आहे! रेशीमगाठ, लग्नगाठ, खूणगाठ. जुन्या मित्राची गाठ पडते. दोन पैसे गाठीला असतात. सहज सुटते ती सुरगाठ आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ, असा भेदही आपल्या भाषेनं करून ठेवलेला आहे. पण हाच शब्द दवाखान्यात उच्चारला गेला की त्याचे बाकीचे सगळे अर्थ गळून पडतात आणि एकच उरतो. ‘पोटात गाठ निघाली’ एवढं म्हटलं की घर गप्प होतं. रोगाचं नाव कोणी घेत नाही. ‘तेच आहे का?’ असं हळू आवाजात विचारलं जातं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हेच घडलं. वय शेहेचाळीस, राहणार मिरजेजवळच्या एका खेड्यात. महिनाभर तिच्या पोटात वरच्या बाजूला दुखत होतं, जेवलं की जडपणा यायचा. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, यकृताच्या उजव्या भागात सव्वीस मिलिमीटरची पांढरट दिसणारी गाठ, बहुधा हिमॅन्जिओमा. रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांच्या दारात पन्नास रुग्ण ताटकळत होते. ते म्हणाले, ‘‘लिव्हरमध्ये गाठ आहे, मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या.’’ आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्या एका वाक्यावर तिचं घर आठवडाभर हललं. तिनं मला फोन केला तेव्हा एकच प्रश्न होता, ‘‘भाई, गाठ म्हणजे तेच ना?’’ मेहुणे अर्धा एकर विकायचा विचार करू लागले होते. दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं गेलं, ‘‘आहे ना गाठ, मग काढून टाकलेली बरी. डोक्याला ताप नको.’’ खर्चाचा आकडा तिथंच कागदाच्या कडेला लिहून दिला.

शेवटी पुण्यातल्या एका यकृततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पंधरा मिनिटं दिली. रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत आलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी यकृत. हा अवयव उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असतो. मोठ्या माणसात त्याचं वजन सव्वा ते दीड किलो. आपल्या भाषांनी त्याला मोठा मान दिला आहे. मराठीत आपण ‘काळीज’ म्हणतो ते हृदयाला, पण खाटकाकडे ‘कलेजी’ मागितली तर तो यकृतच देतो. फारसी-उर्दूत यकृताला ‘जिगर’ म्हणतात. जिवलग मित्र ‘जिगरी’ होतो आणि मुरादाबादचा एक थोर शायर ‘जिगर’ हेच टोपणनाव घेतो. कवींनी यकृताला जी जागा दिली ती उगाच नाही. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त या अवयवातून वाहतं. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून, अन्नरस घेऊन पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं. उरलेलं हृदयाकडून, यकृताच्या धमनीतून येतं. इतक्या रक्तवाहिन्यांचं जाळं जिथं आहे, तिथं त्यातल्या काही वाहिन्यांची वीण एखाद्या ठिकाणी सैल पडली, तर त्यात आश्चर्य ते काय?

हिमॅन्जिओमा म्हणजे नेमकं हेच. मधाचं पोळं डोळ्यांसमोर आणा. पातळ भिंतींचे कप्पे, एकाला लागून एक. मधाच्या जागी रक्त आहे असं समजा. ही गाठ मऊ, स्पंजासारखी, लालसर निळी असते. यकृताच्या धमनीचं रक्त तिच्यात येतं, पण कप्प्याकप्प्यांतून संथपणे फिरतं. ओढ्याच्या वळणावर डोह असावा तसं. आतल्या भिंती ज्या पेशींच्या, त्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या साध्या पेशीच असतात. कर्करोगाच्या पेशी बेबंद वाढतात, शेजारच्या भागात घुसतात, रक्तातून दुसरीकडे जाऊन ठाण मांडतात. इथं यातलं काहीही होत नाही. ही गाठ वाढलीच, तर मुख्यतः तिचे कप्पे फुगून वाढते. आणि यकृताच्या साध्या हिमॅन्जिओमाचं रूपांतर कर्करोगात होत नाही. मनातली निम्मी गाठ सोडवणारं वाक्य हेच, म्हणून ते मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे.

ही गाठ का होते, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. रक्तवाहिन्यांच्या घडणीतच जन्मापासून राहिलेला हा दोष असावा, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे ती खाण्यापिण्यातून आलेली नाही, चिंतेनं झालेली नाही, कोणाच्या नजरेनं तर नाहीच नाही. ती संसर्गानंही होत नाही.

आणि ती दुर्मीळही नाही. यकृतात आढळणाऱ्या निरुपद्रवी गाठींमध्ये हिचा पहिला नंबर लागतो. शवविच्छेदनाच्या निरनिराळ्या पाहण्यांत ती ०.४ टक्क्यापासून २० टक्क्यांपर्यंत माणसांत सापडली. आकड्यांत एवढी तफावत का, तर कोण किती बारकाईनं शोधतो यावर ते अवलंबून. एखाद्या लग्नमांडवात पाचशे माणसं जेवायला बसली असतील, तर अशी गाठ पोटात घेऊन जिलेबी वाढणारे आणि खाणारे काही जण त्यांत असणारच. त्यांना ते ठाऊक नसतं आणि ठाऊक नसल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती जास्त आढळते, आणि साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान लक्षात येते. बहुतेकींची एकच असते, काहींच्या यकृतात दोन-चारही असतात. बहुतेक गाठी पाच सेंटिमीटरपेक्षा लहान. त्याहून मोठीला डॉक्टर ‘जायंट’ म्हणतात. हा शब्दही घाबरवणारा आहे, पण तो फक्त मापाचा शब्द आहे, स्वभावाचा नव्हे.

मग पूर्वी अशा गाठी का ऐकू येत नव्हत्या? कारण पोटात डोकावण्याचं साधन नव्हतं. आता तालुक्या-तालुक्यात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी लावलेली सोनोग्राफी केंद्रं आहेत. जितकं डोकवाल तितकं सापडेल. सापडणं आणि आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आपल्याला अजून पुरतं अंगवळणी पडलेलं नाही.

आता ही गाठ ओळखायची कशी? सोनोग्राफीत डोळा नसतो, कान असतो म्हणा ना. यंत्र पोटात आवाजाच्या लहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. पोळ्यासारख्या या गाठीत भिंतीच भिंती असल्यानं प्रतिध्वनी भरपूर येतो आणि पडद्यावर ती पांढरीशुभ्र, रेखीव कडेची दिसते. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत म्हटलं आहे की, यकृत निरोगी असेल, रुग्णाला कर्करोगाचा पूर्वेतिहास नसेल, गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि ती सोनोग्राफीत अगदी नमुनेदार दिसत असेल, तर निदानाला सोनोग्राफी पुरेशी आहे.

या वाक्यातल्या ‘जर’ला मात्र फार वजन आहे. ज्याला हेपटायटिस बी किंवा सी ही कावीळ आहे, ज्याचं यकृत दारूनं किंवा आणखी कशानं सिरॉसिसला पोचलं आहे, ज्याला पूर्वी कुठलाही कर्करोग झालेला आहे, त्याच्या यकृतातली पांढरी गाठ ‘असेल हिमॅन्जिओमा’ म्हणून सोडून देता येत नाही. यकृताचा कर्करोग सुरुवातीला सोनोग्राफीत कधी कधी असाच दिसू शकतो. हेपटायटिस बी अंगात वर्षानुवर्षं मुकाट्यानं राहतो, म्हणून ‘मला कावीळ झाली नव्हती’ एवढ्यावर भागत नाही. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी लागते. दुसरी अडचण चरबीची. हल्ली फॅटी लिव्हर घरोघरी आहे. चरबीनं सगळं यकृतच पडद्यावर पांढरं दिसू लागलं, तर ही पांढरी गाठ उलट काळपट दिसते आणि चकवते.

अशा वेळी पुढची पायरी म्हणजे रक्तात औषध सोडून काढलेला एमआरआय किंवा सीटी स्कॅन. शेतात वाफ्याला पाणी सोडलं की ते कडेकडेनं भिजवत मध्यापर्यंत जातं, हे आपण पाहिलेलं आहे. या गाठीत ते औषध अगदी तसंच शिरतं. आधी कडेला ठिपके ठिपके उजळतात, मग काही मिनिटांत उजेड आत सरकत जातो. ही तिची सही. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात तर ती दिव्यासारखी लख्ख दिसते. अगदी छोट्या गाठी कधी एकदम भरून उजळतात, तेव्हा तज्ज्ञाची नजर लागते. पण बहुतेक वेळा ही सही मिळाली की निदान पक्कं होतं. नमुनेदार दिसणाऱ्या गाठीत सुई घालून तुकडा काढू नये, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०१४ च्या सूचनांत सांगितलं आहे. कारण उघड आहे. रक्तानं भरलेल्या पोळ्याला टोचायचं कशाला? म्हणून कोणी लगेच बायोप्सी सुचवली, तर ‘आधी एमआरआयनं भागणार नाही का?’ असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आता दुखण्याकडे येऊ. यकृताच्या आतल्या भागाला दुःख कळत नाही. वेदना कळते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरची गाठ सहसा दुखत नाही. मग माझ्या बहिणीचं पोट दुखत होतं ते कशानं? पुण्याच्या डॉक्टरांनी गाठीविषयी विचारण्याआधी गुडघ्यांविषयी विचारलं. ती दोन महिने गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून उपाशीपोटी घेत होती. पोट त्या गोळ्यांनी दुखत होतं. त्या बंद केल्या, आम्लपित्ताचं औषध दिलं, तीन आठवड्यांत दुखणं गेलं. गाठ मात्र जागच्या जागी होती. समजा, दुसऱ्या ठिकाणी सांगितल्याप्रमाणे गाठ काढली असती, तर जमीन गेली असती, पोटावर व्रण आला असता आणि त्या गोळ्या चालू राहिल्या असत्या तर दुखणंही तसंच राहिलं असतं. पोटदुखी आणि गाठ एकाच वेळी सापडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी, असं होत नाही. म्हणून आधी आम्लपित्त, पित्तखडे, आतड्यांच्या तक्रारी ही नेहमीची कारणं तपासायची, आणि मग गाठीवर संशय घ्यायचा, हा क्रम महत्त्वाचा.

डॉक्टरांनी तिची हेपटायटिसची आणि यकृताची रक्ततपासणी पाहिली, ती स्वच्छ होती. ते म्हणाले, ‘‘काही करायचं नाही.’’ बाहेर आल्यावर माझी बहीण खुश होण्याऐवजी नाराज झाली. ‘‘एवढ्या लांब आलो, आणि गाठीवर एक गोळीसुद्धा दिली नाही?’’ तिची नाराजी मला समजते. आपल्याकडे डॉक्टरनं काही दिलं नाही की आपल्याला फसल्यासारखं वाटतं. इंजेक्शन दिलं तर डॉक्टर चांगला, बाटली लावली तर फारच चांगला. पण काही न करण्याचा निर्णयही अभ्यासातूनच येतो. आणि तो सांगायला धाडस लागतं, कारण त्यात कमाई नसते.

हे ‘काही न करणं’ म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. बहुतेक गाठी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात, काही वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, काही आक्रसतातही. युरोपातल्या त्याच सूचनांप्रमाणे निदान पक्कं असलेल्या नमुनेदार गाठीसाठी वारंवार तपासण्यांची गरज नाही. आपल्याकडचे काही डॉक्टर खात्रीसाठी सहा महिन्यांनी किंवा वर्षानं एक सोनोग्राफी करून घेतात. त्यात वावगं नाही. मोठी गाठ असेल किंवा निदानात शंका असेल तर डॉक्टर सांगतील तसं यावंच लागेल. पण दर तीन महिन्यांनी भीतीपोटी यंत्राखाली झोपायचं, याला उपचार म्हणत नाहीत.

स्त्रियांच्या मनात आणखी एक शंका असते. गरोदरपणाची. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकानं गाठ वाढते, असं पूर्वी बरंच बोललं जायचं. काही जणींत वाढ दिसतेही, पण संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. २०१६ च्या सूचनांनुसार ही गाठ आहे म्हणून गरोदरपणाला किंवा गर्भनिरोधक गोळ्यांना मनाई नाही. हे मी ठासून सांगतो, कारण ‘मुलीच्या लिव्हरमध्ये गाठ आहे’ एवढ्यावर ठरलेली लग्नं मोडू शकतात आणि नव्या सुनेला माहेरी धाडलं जाऊ शकतं. गाठ फार मोठी असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं, इतकंच.

पुढची भीती फुटण्याची. ‘रक्ताची गाठ आहे, फुटली तर?’ आपोआप फुटून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी जगात आहेत, पण त्या फार विरळा, आणि मुख्यतः मोठ्या, यकृताच्या कडेला असलेल्या गाठींच्या. छोट्या गाठीच्या माणसानं वाकणं, भांडी घासणं, सायकल चालवणं, शेतात राबणं सोडायचं कारण नाही. गाठ खूप मोठी आणि पृष्ठभागावर असेल, तर पोटावर मार बसेल अशा खेळांबद्दल आणि कामांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग उपचार कोणाला लागतो? थोड्यांना, पण त्यांना तो खरंच लागतो. गाठ एवढी मोठी की जठरावर दाब येऊन चार घासांतच पोट भरतं, उलट्या होतात. दुखणं सतत आहे आणि बाकी सगळी कारणं तपासून झाली आहेत. गाठ भराभर वाढते आहे. निदानच पक्कं होत नाही. किंवा रक्तस्राव झाला आहे. आणखी एक विरळा प्रकार म्हणजे कासाबाख-मेरिट. या दोन डॉक्टरांनी तो १९४० मध्ये एका तान्ह्या बाळात नोंदवला, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. त्यात गाठीतच रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात आणि शरीरात दुसरीकडे रक्तस्रावाचा धोका उभा राहतो. मोठ्या माणसांत अवाढव्य गाठीमुळे क्वचित असं होऊ शकतं. या सगळ्यांसाठी शस्त्रक्रिया आहे. गर सालीपासून सोडवावा तशी गाठ यकृतापासून सोडवून काढतात, किंवा यकृताचा तेवढा भाग काढतात. यकृत पुन्हा वाढू शकतं, ही त्याची थोरवी. काहींना शस्त्रक्रियेऐवजी जांघेतून धमनीत बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, काही ठिकाणी उष्णतेनं गाठ जाळतात. यातलं काय कोणाला, हे यकृताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या ठिकाणीच ठरावं. मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

तान्ह्या मुलांतल्या यकृताच्या अशा गाठी ही निराळी जात आहे. त्या वेगानं वाढू शकतात, हृदयावर ताण आणू शकतात, थायरॉइडचं कार्य मंदावू शकतात, आणि बऱ्याचदा मूल मोठं होता होता आपोआप विरतातही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांना योगायोगानं आढळलं की, हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल या औषधानं बाळाच्या त्वचेवरची अशी गाठ मऊ पडली. त्यांनी ते २००८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि बाळांचे उपचार बदलून गेले. तेव्हा बाळाच्या यकृतात अशी गाठ निघाली तर मी मघापासून सांगतो आहे तो मोठ्यांचा हिशेब लावू नका. बालरोगतज्ज्ञांना ताबडतोब भेटा. आणि बाळांचं औषध ऐकून मोठ्यांनी ते घेऊ नये.

मोठ्यांची ही गाठ विरघळवणारी गोळी, काढा किंवा पथ्य आज उपलब्ध नाही. पण ‘गाठ विरघळवतो’ म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक आहे, असं धरून चालू नका. २०२० च्या करोना साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद कुठंही जावो, आपण एवढं तरी करू शकतो की, जे काही घेतो ते सगळं आपल्या डॉक्टरांना सांगायचं. निरुपद्रवी गाठीसाठी निरोगी यकृताला दुखापत करून घेणं हा कुठला शहाणपणा?

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘रेडिओवर सांगितलं, गाठ साधीच असते’ म्हणून रिपोर्ट ट्रंकेत टाकून देऊ नका. डोळे पिवळे होणं, कारण नसताना वजन घटणं, भूक मरणं, पोटात पाणी होणं, ताप येऊन उजव्या बरगडीखाली ठणकणं, ही लक्षणं हिमॅन्जिओमाची नेहमीची नाहीत. ती असतील तर दुसरं काही शोधायला हवं. आपल्याकडे अमिबाच्या संसर्गानं यकृतात गळूही होतं, आणि ते औषधानं बरं होतं, पण वेळेत ओळखावं लागतं. एकाएकी पोटात असह्य कळ येऊन चक्कर आली, तर थेट इस्पितळ गाठावं.

म्हणून रिपोर्टमध्ये हा शब्द आला, तर डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. ही नक्की हिमॅन्जिओमाच आहे का, की ‘बहुधा’ आहे? माझं बाकीचं यकृत निरोगी आहे का, हेपटायटिसची तपासणी झाली आहे का? आणखी स्कॅन लागेल का, आणि का? मला होणारा त्रास याच गाठीचा आहे का, की दुसऱ्या कशाचा? आणि पुन्हा केव्हा यायचं, की यायचंच नाही? उत्तरं कागदावर लिहून घ्या. पहिला रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा. पाच वर्षांनी कोणी पुन्हा सोनोग्राफी केली आणि ‘गाठ आहे’ म्हणालं, तर तो जुना कागद पुढे करता येतो. गाठ तेवढीच असेल, तर त्या कागदाइतका मोठा दिलासा दुसरा नाही.

आणि एक विनंती डॉक्टरांना, शब्दांचा माणूस म्हणून. तुमच्या दारात गर्दी किती असते हे मी पाहिलं आहे. पण ‘गाठ आहे’ या दोन शब्दांपाशी पूर्णविराम देऊ नका. ‘गाठ आहे, कर्करोगाची दिसत नाही, खात्री करून घेऊ,’ एवढं वाक्य पुरं करायला दहा सेकंद लागतात. अर्धं वाक्य ऐकून गेलेला माणूस उरलेलं वाक्य स्वतःच्या भीतीनं पुरं करतो, आणि त्यापायी कोणाची झोप जाते, कोणाचं लग्न मोडतं, कोणाची अर्धा एकर जमीन जाते. श्रोत्यांनाही तेच सांगणं. शेजारणीला, सुनेला, भावाला असा रिपोर्ट आला तर ‘अरेरे’ म्हणण्याआधी विचारा, ‘वाक्य पुरं ऐकलंस का?’ नसेल ऐकलं, तर तिच्याबरोबर पुन्हा एकदा दवाखान्यात जा.